'काटा बदलला' म्हणे!

मित्रांनो, विमानातला एक म्हातारा काटा तुमच्याशी बोलतो आहे, आणि त्याला राग आलेला आहे. आपली कहाणी गोड बोलून सांगावी म्हणतात. मला ते जमणार नाही.

डाव्या इंजिनात तेलाचा दाब किती आहे, एवढंच सांगायचं माझं काम. अकरा वर्षं ते मी इमानेइतबारे केलं. वैमानिक माझ्याकडे बघून निर्धास्त व्हायचे. बल्लारपूरचा खुशाल मिस्त्री रोज सकाळी मऊ फडक्यानं माझी काच पुसायचा. विमानाला हात लावणारा त्याच्या वस्तीतला तो पहिलाच माणूस. केवढा अभिमान होता त्याला!

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी खाली घसरू लागलो. खुशालनं तेलाची गाळणी उघडली, तर तिच्यात लोखंडाचा चुरा. इंजिन आतून झिजत होतं. दुरुस्तीशिवाय विमान उडवू नका, असं त्यानं देखभाल खात्याच्या साहेबांना बजावलं. साहेबांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. इंजिन ठणठणीत आहे, काटाच बिघडलाय, म्हणाले. बरं, मग काटा तरी बदलावा ना? तेही नाही. वहीत 'काटा बदलला' असं लिहिलं आणि झाले मोकळे. लाज कशी वाटली नाही!

तिसऱ्या दिवशी एटापल्लीच्या जंगलावर मी शून्यावर आलो. इंजिन अडकलं, पेटलं, आणि विमान सागाच्या झाडांत कोसळलं. एकोणीस माणसं गेली. त्यात आईच्या मांडीवरचं एक बाळही होतं.

चौकशीत साहेबांनी वही पुढे केली. काटा नवा होता, इंजिन खुशालनंच नीट पाहिलं नाही, असं बेधडक सांगितलं. काटा जुनाच होता, त्याच्या पाठीवरचा नंबर बघा, असं खुशाल जीव तोडून सांगत राहिला. पण मी ढिगाऱ्यात सापडलोच नव्हतो. आता एकोणीस मरणं त्याच्या माथी येणार होती, वर तुरुंग.

मी सापडणार कसा? तिथल्या लोकांची रीत अशी, की मेलेल्याची वस्तू घरी न्यायची नाही. त्याच्या नावानं दगड उभा करायचा आणि वस्तू तिथेच ठेवायची. गावानं अनोळखी माणसांसाठी एकोणीस दगड उभे केले होते. मोहफुलं वेचणाऱ्या गावातल्या गुणाबाईला मी दिसलो. तिला वाटलं, कुणाचं तरी घड्याळ आहे. तिनं मला एका दगडापाशी ठेवलं. पोलीस विमानाचे तुकडे विचारत आले, घड्याळाचं कुणी विचारलंच नाही.

शेवटी मला शोधत खुशाल स्वतःच आला, आधी एसटीनं, मग पायी. दगडापाशी मला बघून त्यानं हात पुढे केला. पण गुणाबाईनं हात आडवा धरला.

"मेलेल्याची चीज जित्याच्या हाती देत नाई आमी, भाऊ."

"बाई, हे घड्याळ नोहे. हे विमान पडनार मून सांगत होता हा काटा. कोनी आयकलं नाई, अन् आता मले खुनी ठरवून राह्यले."

गुणाबाईनं दगडावर चार मोहफुलं ठेवली, मेलेल्याची परवानगी मागितली आणि मला खुशालच्या ओंजळीत दिलं.

चौकशीच्या टेबलावर माझा नंबर मोठ्यानं वाचला गेला. जुनाच! साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. खुशाल सुटला. आणि साहेबांना शिक्षा काय, तर बदली. माझ्या काचेला तडा गेलाय तो पडताना, पण हे ऐकून मी आतून फुटलो.

बाहेर व्हरांड्यात साहेब खुशालला म्हणाले, जुन्या काट्यावर कोण भरवसा ठेवणार?

"काटा जुना होता, साहेब," खुशाल म्हणाला. "पन मी त जिता मानूस होतो. म्या तोंडानं सांगतलं होतं."

साहेब गाडीत बसले. मित्रांनो, मला पुसू नका, कपाटात जपूनही ठेवू नका. कुणी मिस्त्री तेलानं माखलेले हात पुढे करून 'थांबा' म्हणाला, तर तेवढं थांबा.