तुळईवरचा सेबल

जावई आला तो पाठीवर जनावरं धरायच्या लोखंडी चापांचा नवाकोरा गठ्ठा घेऊन, आणि पायात शहरी बूट. बूट बघूनच आमच्या म्हाताऱ्याने मान फिरवली.

"हा सेबल धरणार? याला सर्दीने धरलं नाही म्हणजे मिळवली."

म्हातारा म्हणजे माझा नवरा, इन्नोकेन्ती. जावई वेनियामिन; आम्ही वेन्या म्हणतो. आमच्यातलाच, एवेंकी जमातीचा, पण वाढला नदीवरच्या शहरात. बोटींच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करायचा. कारखाना बंद पडला तशी आमची तामारा त्याला घेऊन गावी परत आली. ती शाळेत स्वयंपाकाला लागली आणि नवऱ्याला पाठवून दिलं आमच्याकडे, वरच्या ओढ्यावर, रानातल्या झोपडीत. शिकवा म्हणाली.

घाई होती, त्याला कारण होतं. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले. झोपडीच्या आसपासचे बापजाद्यांचे ओंडक्याचे सापळे, जनावरावर ओंडका पडणारे, तेवढे तो कसेबसे बघायचा; लांबची शिकारीची हद्द ओस पडली होती. आणि आमच्या शिकाऱ्यांच्या मंडळाचा नियम असा, की चालवणारा नसेल तर वसंतातल्या सभेत हद्द दुसऱ्याला द्यायची. मंडळाचा मुख्य येफिम हिवाळ्यात स्वतः येऊन बघणार होता. जावयाला जमलं तर हद्द घरात राहणार. नाही जमलं तर तामारा आणि तो वसंतातल्या पहिल्या बोटीने शहरात, कायमचे. खरं सांगते, मला हद्दीचं एवढं नव्हतं. मला पोरगी जायला नको होती.

आधी चाप उकळले. फर झाडाच्या सालीसकट मोठ्या हंड्यात, लोखंडाचा वास मरेपर्यंत. वेन्याने ते कोरडे केले आणि एकेकाला मन लावून तेल चोपडलं. म्हातारा वासानेच बाहेर आला.

"काय लावलंस हे?"

"तेल, बाबा. गंज चढू नये म्हणून."

"वा, जावईबापू! आता पाटीपण लावा. 'इथे माणूस येऊन गेला आहे, सेबलसाहेबांनी दुसऱ्या वाटेने जावं.'"

सगळे चाप परत उकळले. साल मीच आणून दिली, दोन्ही वेळा.

सेबल हा मौल्यवान कातड्याचा, मांजराहूनही लहान जीव, पण अक्कल माणसाच्या वरताण. त्याची एक खोड मात्र आहे. एकदा गेलेल्या वाटेने तो परत जातो, आपल्याच पावलांवर पाऊल टाकत. म्हणून चाप ठेवायचा त्याच्या ठशाच्या खाली. बाजूने लाकडी फावड्याने बर्फ कोरत जायचं, वर पातळ पापुद्रा ठेवायचा आणि चाप आत सरकवायचा. वरचा ठसा जसाच्या तसा राहिला पाहिजे. वेन्याने फावडं घातलं की ठसा भसकन खाली.

"अरे, भाकरीखाली उलथनं घालतात तसं घाल की!" म्हातारा ओरडायचा.

"मी कधी भाकरी केली नाही, बाबा."

"मग जा, आधी सासूकडे शीक!"

म्हातारा बोलून गेला, पण हा खरंच आला. पातळ भाकऱ्या थापायला लावल्या मला आणि न मोडता उचलायला बसला. बोटं भाजली, पीठ वाया गेलं, कुत्र्यांची मात्र चंगळ झाली. मी म्हटलं, "बाबा रे, इंजिनं काय वाईट होती?" हसला नुसता. चार दिवसांनी भाकरी न मोडता उचलायला लागला. मला तो तेव्हापासून आवडायला लागला, पण हे मी कोणाला बोलले नाही.

ठसेही मोडायचे थांबले. सेबल मात्र येईना. एकदा चापात निळकंठी पाखरू आलं, एकदा खार, आणि एकदा त्याचाच हातमोजा. मोजा घेऊन आला तेव्हा म्हाताऱ्याने विचारलं, "याचं कातडं सोलायचं का असंच विकायचं?" वेन्या जेवला नाही त्या दिवशी.

असाच अर्धा हिवाळा गेला. मग एका रात्री निरोप आला, की येफिम परवा येतोय.

सकाळी वेन्या अंधारातच चाप बघायला खालच्या अंगाला गेला, आणि म्हातारा स्की बांधायला लागला.

"अहो, कुठे निघालात? गुडघे?"

"जळण बघून येतो."

जळण झोपडीच्या भिंतीला लावलेलं, छपरापर्यंत. तो गेल्यावर कोठारात डोकावले. तुळईला एक सेबल टांगलेला होता, म्हाताऱ्याच्या ओंडक्याखाली सापडलेला, अजून न सोललेला, गोठून लाकूड झालेला. आता नुसती दोरी लोंबत होती. कळायचं ते कळलं. मी मूग गिळून गप्प बसले. पोरगी राहणार असेल तर एक सेबल इकडचा तिकडे झाला म्हणून काय आकाश कोसळतं? म्हातारा दुपारी आला तो घामाने निथळत, पाय ओढत, आणि जन्मात कधी नव्हे इतक्या गोड आवाजात त्याने चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी येफिमची हरणाची घसरगाडी दाराशी लागली. येफिम कमी बोलणारा माणूस. बसला, फुंकर मारत चहा प्यायला. तेवढ्यात वरच्या अंगाचे चाप बघून वेन्या आला. हातात सेबल. काळाभोर, सुंदर.

"बघ बघ, येफिम!" म्हातारा उठायच्या नादात पेला सांडून बसला. "म्हटलं नव्हतं मी? पोराच्या हाताला गुण आहे!"

येफिमने सेबलकडे बघितलं. "पहिलाच ना? मग निमात कोणाला?"

आमच्यात पहिला सेबल धरणाऱ्याने ठेवायचा नसतो, द्यायचा असतो. त्या देण्याला निमात म्हणतात. चुलीपाशी वयाने सगळ्यात मोठा असेल त्याला द्यायचा, नाहीतर ज्याच्यापाशी काही नाही त्याला. आणि खोटी निमात घेतली तर रान त्या घराकडे पाठ फिरवतं, हे आमचं शेंबडं पोरही सांगेल. आमच्या चुलीपाशी सगळ्यात मोठा कोण? म्हाताराच. म्हणजे आपलाच सेबल आपणच निमात म्हणून घ्यायचा! जन्मभर रीत पाळलेला माणूस, आणि नेमकं हेच विसरला. मला हसू यायला हवं होतं, पण मी उगाच चुलीत लाकडं सारत राहिले.

वेन्याने सेबल म्हाताऱ्यासमोर ठेवला.

"हा निमात नाही, येफिमकाका. हा माझा नाहीच. पाय बघा. जिवंत सापडला असता तर चापात पाय सुजला असता, रक्त साकळलं असतं. हा मेल्यावर अडकवलाय. पाठ चपटी आहे, केसांत डिंक आहे. ओंडक्याखाली मेलाय हा. ओंडक्याचे सापळे या ओढ्यावर एकाच माणसाचे आहेत." मग म्हाताऱ्याकडे वळून हळूच म्हणाला, "दुसऱ्याने धरलेला जीव आपल्या हाती लागला तर मालकाच्या दारी न्यायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना, बाबा?"

"अरे गाढवा!" म्हातारा कडाडला. "तुझ्यासाठी मेलो ना मी त्या बर्फातून! गप्प बसायला काय झालं होतं तुला?"

बोलला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की येफिम ऐकतोय. आपलेच दात, आपलेच ओठ. तो भिंतीकडे तोंड करून बसला. येफिमने पेला उपडा ठेवला, टोपी घातली.

"म्हणजे अजून एकही नाही," वेन्याला म्हणाला.

"नाही, काका."

"बरं. वसंतात बघू."

घसरगाडी गेली. मला वेन्याचा इतका राग आला, की हातातली पळी फेकून मारावीशी वाटली. खरं बोलायला हाच दिवस सापडला याला? माझी पोरगी बोटीत बसलेली मला तिथेच दिसायला लागली. म्हातारा रात्री जेवला नाही. सकाळी मात्र उठला आणि कोणाकडे न बघता म्हणाला, "चल. आजाने सापळ्यांसाठी पाडलेली झाडं कुठे आहेत ते दाखवतो. चाप ठेव घरी." तोवर ते सापळे त्याने जावयाला दाखवलेच नव्हते. वेन्या स्की बांधून मागे गेला.

हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी वेन्या आला. मी चुलीपाशी होते, म्हातारा कोपऱ्यात वादी विणत होता. वेन्याने माझ्यासमोर सेबल ठेवला. लहानशी मादी, रंग फिका, शेपूट अर्धं झडलेलं. व्यापाऱ्याने हातही लावला नसता. पण एक पाय टम्म सुजलेला. ठशाखालच्या चापात सापडली होती.

"निमात," तो म्हणाला.

"अरे, मला कशी? मोठे हे आहेत."

"मोठ्याला, नाहीतर ज्याच्याकडे नाही त्याला. बाबांकडे तुळईभर होते, आई. तुमच्याकडे कधी एक तरी होता का?"

लग्न होऊन आल्यापासून या घरातला एकूण एक सेबल मी सोलला, ताणला, वाळवला. माझा म्हणून एकही नव्हता, आणि हे कधी मनातही आलं नव्हतं. मला रडू आलं. म्हाताऱ्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या मादीकडे. "सोल मग," म्हणाला, "आणि नीट सोल, पहिलं आहे."

वसंतातल्या सभेत कोणीतरी विचारलं म्हणे, की एका टक्कल पडलेल्या सेबलवर हद्द कशी द्यायची? येफिम म्हणाला, "दोन धरले. एक परत केला." आणि पुढचा विषय घेतला.

ते झडकं कातडं मी टोपीला लावलंय. बर्फ फुटला, नदी मोकळी झाली, पहिली बोट आली. तीच टोपी घालून मी धक्क्यावर गेले. तामाराही आली होती, शाळेसाठी पिठाची पोती उतरवून घ्यायला.