कुंकू लागलेला कट्टा

मी एक कट्टा बोलतोय. पुण्याकडची माणसं कट्ट्यावर बसून गप्पा मारतात; आमच्या वऱ्हाडात कट्टा म्हणजे पोतं. माझ्यावर कुणी टेकलं तरी आमच्या मालकीणबाई लीलाबाई खेकसायच्या, "उठ ना रे, खायची वस्तू हाय त्यात!"

जन्माने मी तागाचा, पण मान मिळाला तो चांदूर रेल्वेजवळच्या वामनरावांच्या अंगणात. त्यांनी मला उलटं करून झटकलं, उन्हात वाळवलं आणि मगच घरची हळद भरली. हळद घासताना पिवळा रंग टाकला की ती चमकते आणि बाजारात भाव खाते. वामनरावांनी तो कधी टाकला नाही. "पोटात जाते ते," एवढंच म्हणायचे. मला त्यांचा भारी अभिमान.

यंदा अकोल्याचे व्यापारी गयासुद्दीनभाई गावात आले. बिनरंगाची हळद परदेशात पाठवू म्हणाले. वामनरावांच्या शब्दावर शेजारच्या चार घरांनीही आपला माल त्यात घातला. गाडी आली तेव्हा सगळ्यांच्या पुढे मी होतो. वामनरावांच्या घरधनीण लीलाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. पहिल्यांदाच माल समुद्रापार चाललेला, तो पूजेशिवाय कसा जाईल? माझं तोंड अजून शिवायचं होतं. त्यांनी हळदीवरच जत्रेतलं लालभडक कुंकू वाहिलं आणि हात जोडले. मी नवरदेवासारखा फुगून बसलो.

तिकडच्या बंदरात काही कट्टे उघडून नमुने घेतले, त्यात मीही होतो. माझ्या हळदीत खाण्यात बंदी असलेला लाल रंग निघाला. एका कट्ट्यात निघाला तरी सगळा माल परत, असा तिथला कायदा. शेजाऱ्यांचे कट्टेही माझ्यापायी माघारी आले.

आम्ही अकोल्याच्या गोदामात येण्याआधीच बातमी गावात पोचली. वामनराव चोरून रंग टाकतात, त्यांनी आपला माल बुडवला, असं चारही घरं उघड बोलू लागली. इतक्या वर्षांचं नाव, पण ते पुसायला लोकांना दोन दिवसही लागले नाहीत. मला फार राग आला.

काल दोघं नवरा-बायको अकोल्याच्या गोदामात आले. वामनराव भिंतीला टेकून खाली मान घालून बसले. गयासभाईंनी माझी शिवण उसवली.

"भाभी, हे लाल काय हाय?"

लीलाबाईंनी वाकून बोट लावलं. "कुंकू हाय, भाऊ. मीच वाह्यलं. देवाच्या कुंकवात काय वाईट?"

"जत्रेतल्या कुंकवात कपड्याचा रंग असते, भाभी. कपाळाले चालते, पोटाले नाई. तिथले लोक काही येडे नाई. असाच रंग टाकून त्यायले लोकायनं फसवलं, म्हणून कायदा कडक झाला."

"मंग त्यायले सांगा ना, पूजेत वाह्यलं म्हणून!"

"मशीनले रंग दिसते. काहून टाकला, ते नाई दिसत." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "गावात काही बोलू नका. मशीनच चुकली, असं मी सांगतो."

लीलाबाई पदराने बोट पुसत राहिल्या. "नाई, भाऊ. लोक ह्यायले चोर म्हणून राहिले. मी चारही घरी जातो आन् खरं सांगतो."

वामनरावांनी पहिल्यांदाच मान वर केली. "एकली नोको जाऊ. मी येतो."

माझी हळद आता कुणाच्या पोटात जायला नको, म्हणून उद्या मला खड्ड्यात पुरणार आहेत. बाकीच्या कट्ट्यांचं काय होईल ठाऊक नाही. परत आलेल्या मालाला गिऱ्हाईक बिचकतं. पुरले जाण्याचं मला दुःख आहे, पण या दोघांची काळजी त्याहून जास्त आहे.

तुम्ही त्या चार घरांपैकी असाल, तर माझं एवढं ऐका. लीलाबाई दारात आल्या की त्यांचं बोलणं पुरं होऊ द्या. वामनराव बाहेरच उभे राहतील. त्यांनाही घरात बोलवा.