हलगी तापली, भोंगा वाजला

हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही, हे काळेवाडीत गच्चीखाली राहणाऱ्यांना कोण समजावणार? आधी धूर, मग कडकडाट! रविवारची झोप उडालेल्या बिऱ्हाडांनी घरमालकाचे कान भरले आणि पुढच्या महिन्यापासून गच्ची बंद, असं त्याने योगिनीला सांगून टाकलं.

योगिनी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती आणि रविवारी गच्चीवर वडिलांसोबत हलगी शिकवायची. शिकणारी निम्मी पोरं तिच्याच कंपनीतली. वडील मारुतराव, तिचे आप्पा, म्हणजे केजकडच्या जत्रा गाजवलेला माणूस. त्यांचे ठेके वाजवणारं आता गावातही कुणी उरलं नव्हतं. जागा गेली की पोरं पांगणार आणि आप्पांचे ठेके आप्पांबरोबरच जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

एचआरच्या निरंजन सरांनी वाट काढली. "वार्षिक कार्यक्रमात वाजवा. मोठ्या साहेबांना आवडलं, तर जुन्या कँटीनची शेड रविवारी तुमची."

कार्यक्रम एसी हॉलमध्ये. एसीत हलगी म्हणजे पावसाळ्यातला पापड! त्यात सेफ्टीच्या अय्याज सरांनी आधीच बजावलेलं, "हॉलमध्ये काडीसुद्धा पेटली नाही पाहिजे." योगिनी नियमाची पक्की, म्हणून तिने केस वाळवायचा ड्रायर आणला. पोरांनी आळीपाळीने गरम हवा मारली. हलग्या ढिम्म.

मारुतरावांनी थाप मारून पाहिली. भद्द!

"ही हलगी हाय का पोतं?"

"आप्पा, आता आपलाच नंबर आहे."

"मंग पोतंच बडवायचं का सायबांपुढं?"

हे मात्र तिला झोंबलं. एवढासा ओरखडा दिसला तरी पार्ट परत पाठवणारी ही बाई. तिने लोखंडी बादली उचलली, नाश्त्याचे रद्दी कागद कोंबले आणि बाथरूम गाठलं. काडेपेटी आप्पांच्या बंडीत निघालीच, गेटवर म्हाताऱ्या माणसाची झडती कोण घेतो! जाळावर एकेक हलगी फिरली, कातडं ताणलं, बोट लागताच टण्ण बोललं. मारुतराव हसले आणि नेमका डोक्यावरचा आगीचा भोंगा कोकलायला लागला.

मग काय विचारता! स्टेजवर अकाउंट्सवाले कोळीनृत्य करत होते, ते पुठ्ठ्याच्या होडीसकट बाहेर पळाले. मोठे साहेब हातातला वडा न सोडता पळाले. अशा वेळी सामान जागेवर सोडायचं असतं, पण पोरांनी हलग्या छातीशी धरून धूम ठोकली. मागच्या मैदानात सगळी कंपनी रांगा लावून उभी राहिली. इमारत तपासून होईपर्यंत कुणी हलायचं नाही, असा नियमच होता.

थोड्या वेळाने अय्याज सर ती बादली घेऊन बाहेर आले. त्यांचा चेहरा बघून योगिनीला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. शेड तर गेलीच, आता नोकरीही जाते की काय!

मारुतरावांना असल्या गोष्टींचं सोयरसुतक नव्हतं. "हलग्या तापल्या हायेत, ऐकणारे उभे हायेत. आनिक काय पायजे?" असं म्हणून त्यांनी पहिली काठी हाणली.

काय तो आवाज! उघड्या मैदानावर हलगी अशी कडाडली की योगिनीचे हात आपोआप चालू झाले, पाठोपाठ पोरांचे. आधी पेंट शॉपची रांग डुलली, मग स्टोअरची मोडली. अकाउंट्सवाल्यांनी होडी डोक्यावर घेतली. मोठे साहेब वडा उंच धरून गरगर फिरत होते. अय्याज सर थांबवायला धावले, जोरजोरात शिट्टी फुंकू लागले. पण ठेका असा बेरकी, की तिसऱ्या फुंकीला शिट्टी त्यात बसली आणि मग सरांनाच ती सोडवेना. योगिनीला हसू आवरेना. नोकरीची भीती होती तरी एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता.

अखेर दम लागून सगळे थांबले. निरंजन सर घाम पुसत जवळ आले. "आवडलं हो सगळ्यांना. पण जाळ केल्यावर आता शेडच्या कागदावर सही कोण करणार?"

योगिनीने हलगी खाली ठेवली.

"शेड विसरा," अय्याज सर धापा टाकत म्हणाले. "पुन्हा असं केलंत तर मॅडम, मी स्वतः तुमची तक्रार करीन. पण हे मैदान माझ्या ताब्यात आहे. आग विझवायचं ट्रेनिंग मी इथंच देतो. सगळ्या कंपनीत जाळ करायची परवानगी असलेली ही एकच जागा! रविवारी या. तुम्ही पेटवा, माझी माणसं विझवायला शिकतील."

मोठ्या साहेबांनी वडा खात खात मान डोलावली.

योगिनीने भर कंपनीसमोर वडिलांना कडकडून मिठी मारली. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"अगं सर की बाजूला," मारुतराव डोळे पुसत ओरडले, "कातडं दबंल!"