जानेवारीतलं पोलन

दीपाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अमेरिकेतल्या त्यांच्या श्रूजबरी गावातल्या झाडून सगळ्या मराठी बायका यायच्या. नसायची ती ऋता. राहायची दहा मिनिटांवर, आणि दीपाच्या धाकट्या भावाची, शार्दूलची बायको. "विधवा म्हणून नाही हं, तसलं मी मानत नाही," असं दीपा चारचौघींत ठणकावून सांगायची. मग कशासाठी, ते मात्र गिळून टाकायची.

शार्दूल लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेला. वसंतात खोकायला लागला तेव्हा सगळे हसलेच. इथे येऊन दोन-तीन वर्षं झाली की आपल्या माणसांना पोलनची, फुलांच्या परागकणांची ॲलर्जी धरतेच, आता तू पक्का अमेरिकन झालास, म्हणून चिडवत होते. तो बिचारा ॲलर्जीच्या गोळ्या घेत राहिला. टीबी निघाला तोवर दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. आणि अंत्यविधीला, माणसं भरलेली असताना, दीपा भावजयीला म्हणाली, "पांढऱ्या पायाची! खाल्लंस माझ्या भावाला."

दीपाचे बाबा दिवसकार्य उरकून नागपूरला गेले आणि या दिवाळीत परत आले, ते लेकीकडे. तेव्हापासून ऋताचे मेसेज यायचे: "ताई, बाबांची टेस्ट करून घ्या. ते तेव्हा आमच्याकडेच राहत होते." दीपा वाचायची आणि फोन पालथा घालायची. आमच्या घरात रोग शोधतेय, काय तरी बाई धाडस!

यंदा ती तिळाचे लाडू वळत बसली होती. समोर लेक, केया, एक लाडू वळत होती नि दोन खात होती.

"आई, माझा हिस्टरी प्रोजेक्ट व्हॅम्पायर्सवर आहे."

"सणासुदीला कसले गं अभद्र विषय!"

"ऐक ना. ते फक्त युरोपात नव्हते, इथेच होते, न्यू इंग्लंडमध्ये! एका घरात सगळे टीबीने मरायचे, वन बाय वन. जर्म्स कुणाला माहीत नव्हते. मग लोक म्हणायचे, आधी गेलेली मुलगी कबरीतून बाकीच्यांना खातेय. तिला उकरून काढायचे, हार्ट जाळायचे आणि राख आजारी भावाला पाजायचे."

"शी! मग तो वाचायचा?"

"कसा वाचेल? टीबी होता ना. आणि लोक व्हॅम्पायर म्हणायचेसुद्धा नाहीत, ते पेपरवाल्यांनी लिहिलं. युरोपातही तेच, साथ आली की मेलेल्याला जबाबदार धरायचे. व्हॅम्पायरला कोट आणि पॅलेस नंतर रायटर्सनी दिले." केयाने बोटं चाटली. "आय फील सो बॅड फॉर हर, आई. ती पण आजारीच होती. शी डिडन्ट ईट एनीवन."

दीपाच्या हातातला लाडू फुटला. गूळ गार झाला बहुतेक, असं ती स्वतःलाच म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबा खोकले. खोकतच राहिले.

"बाबा, काय होतंय?"

"काही नाही गं, तुमचं ते पोलन!"

खिडकीबाहेर बर्फ पडत होता. झाडाला औषधालाही पान नव्हतं. दीपा तशीच तिळाच्या हातांनी उठली.

हळदीकुंकू कॅन्सल केलं. दीपा आणि केया तपासणीतून सुटल्या, बाबांचा टीबी निघाला. जुना आहे, गोळ्यांनी बरा होईल, मुलाला यांच्याकडूनच झाला असेल, नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मास्कच्या वर बाबांचे डोळे भरून आले.

"म्हणजे दीपा, मी खाल्लं गं पोराला?"

"छे हो बाबा! भलतंच काय बोलता? रोगाने नेलं त्याला."

किती पटकन बोलून गेली! बाबांसाठी तोंडातून सहज निघालेलं हे वाक्य ऋतासाठी तिला कधी सुचलंच नव्हतं. लाजेने तिला मान वर करवेना.

रथसप्तमीच्या आत ती कुंकवाचा करंडा आणि तिळगुळाचा डबा घेऊन ऋताच्या दारात उभी राहिली. दार उघडताच ऋताने विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"गोळ्या चालू झाल्यात. तुझं ऐकायला हवं होतं मी." दीपाने करंडा पुढे केला. "लावू?"

ऋताने कपाळ पुढे केलं नाही. चौकटीला धरून ती उभी राहिली.

"कुंकवाचं राहू दे, ताई. त्या दिवशी जे सगळ्यांसमोर बोललात, ते आधी परत घ्या. रात्र-रात्र मलाही वाटायचं, खरंच मीच..."

"नाही गं बाई!" दीपाने करंडा पायरीवरच ठेवला आणि तिला घट्ट धरलं. शेजारीण फावड्याने बर्फ ओढता ओढता थांबून बघत होती, तिला तर मराठीही कळत नव्हतं, तरी दीपा तिच्यादेखत मोठ्याने म्हणाली, "तू नाही खाल्लंस त्याला. तू नाही."