तेवीस तुकड्यांची किटली

मी चहाची मातीची किटली बोलतेय. आमच्या घरातल्या आईची झोप एका प्रश्नाने उडाली होती. आपली नऊ वर्षांची मुलगी मोठेपणी करणार तरी काय? इतक्या लवकर कोणी ही चिंता करतं का, असंही ती स्वतःला विचारायची, आणि मग त्याचीही चिंता करायची.

मुलगी संथ होती. ती बुटाची नाडी बांधेपर्यंत शाळेची बस निघून जायची. मावशीने तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. कलचाचणीत चाळीस प्रश्न होते. तिने सात सोडवले. सातही बरोबर.

"मग हिचा कल कुठे आहे?" आईने विचारलं.

"एवढ्यावरून कसं सांगणार?" समुपदेशक म्हणाले.

घरी येऊन आई मला धूत होती आणि खांद्याशी फोन धरून मावशीला सांगत होती, "अगं, डॉक्टर म्हण, वकील म्हण, सगळीकडे पळावं लागतं. ही कुठे पळणार?" तेवढ्यात मी तिच्या ओल्या हातातून निसटले.

आई झाडू घेऊन परत येईपर्यंत मुलीने माझे तेवीस तुकडे वर्तमानपत्रावर मांडले होते.

"राहू दे गं, नवी आणू."

"हं," मुलगी म्हणाली, आणि अकरा दिवस माझ्यासमोर बसली.

चाकावर मला घडवताना कुंभाराची बोटं आतून फिरली होती. त्यांच्या रेषा माझ्या पोटात तशाच आहेत. इतकी वर्षं मी चहा ओतला, पण त्या कुणाच्या लक्षातही आल्या नव्हत्या. या मुलीने डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवलं आणि रेषेला रेषा लावून गोंदाने चिकटवत गेली. एकेक तुकडा दहादा उचलायची, दहादा खाली ठेवायची, पण एकदाही वैतागली नाही. मी थक्क होऊन बघत राहिले. मला घडवणाऱ्यानंतर मला इतकं ओळखणारं हे पहिलंच माणूस.

बाराव्या दिवशी मी उभी राहिले. चहा आता झिरपतो, म्हणून माझ्यात पेन्सिली असतात. पण त्या दिवशी आईने मला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि तशीच जमिनीवर बसली.

शनिवारी तिने मला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्हा दोघींना वस्तुसंग्रहालयात नेलं. तिथे मागच्या खोलीत एक म्हातारे कारागीर फुटकी भांडी जोडतात. टेबलावर एक अर्धवट बरणी होती.

"दोन महिने झाले हिला," ते म्हणाले.

"एका बरणीला? आणि कुणी ओरडत नाही?" आईने विचारलं.

"ओरडतात की. म्हणून तर दार लावून बसतो." त्यांनी मला उजेडात धरून माझे सांधे चाचपले. "हे कुणाचं काम?"

"हिचं. म्हणजे, ती जरा हळू आहे..." आईने जणू माफीच मागितली.

"पटपट हात चालवणारे दोघे मदतनीस मी घरी पाठवले," असं म्हणत त्यांनी मुलीच्या तळहातावर एक तुकडा ठेवला. "पंधरा दिवस झाले, हा कुठेच बसत नाहीये. बघ तुला जमतंय का."

मुलीने डोळे मिटले. बरणीच्या आतून बोट फिरवलं, मग तुकड्यावरून, मग पुन्हा बरणीतून. बराच वेळ गेला. भिंतीवर घड्याळ होतं. आईने त्याच्याकडे पाठ केली. श्वास मात्र रोखून धरला होता, तिनेही आणि मीही.

मुलीने तुकडा हळूच टेबलावर ठेवला.

"आजोबा, हा बसणारच नाही. ह्याच्या रेषा खूप बारीक आहेत. हा वेगळ्या भांड्याचा आहे, ते दुसऱ्याच कुणीतरी केलंय."