जोडाक्षरं नसलेलं पत्र

दिवाळीची सुट्टी संपली आणि पाथर्डीकडच्या त्या वस्तीशाळेत तिसरीच्या तीनच मुली उरल्या. बाकीची मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. निकिताचे वडील जीप चालवायचे, म्हणून ती गावातच राहिली. तिची मैत्रीण पूजा मात्र गेली.

दयाबाई रोज जोडीवाचन घ्यायच्या. एकीने वाचायचं, दुसरीने बोट ठेवून ऐकायचं. ज्योती आणि स्नेहल या चुलत बहिणींची जोडी जमली. निकिता एकटीच संवाद वाचू लागली. कोल्ह्याचं वाक्य जाड आवाजात. मग थोडं सरकून, पूजाच्या जागेवरून, कासवाचं.

बाईंनी ते पाहिलं. जवळ येऊन म्हणाल्या, “पूजाला पत्र लिहितेस?”

“पत्ता काय टाकू बाई? त्यांची टोळी एका जागी ऱ्हात न्हाई.”

“तिच्या वडिलांच्या मोबाईलवर फोटो पाठवू.”

निकिताने पानभर लिहिलं. बाईंनी फोटो पाठवला. आठ दिवस काहीच आलं नाही. नवव्या दिवशी बाईंच्या मोबाईलवर पूजाचा आवाज आला. ती निकिताचंच पत्र वाचत होती. “नि...कि...ता.” मागे कोयत्यांचे आवाज. ‘दप्तर’पाशी ती अडली, ‘गोष्ट’पाशी थांबली, मग सगळी जोडाक्षरं गाळतच पुढे गेली. शेवटी म्हणाली, “निके, हितं पुस्तक न्हाई गं. मी इसरले.”

ज्योती हसली. निकिता हसली नाही. दिवाळीआधी पूजा तिच्यापेक्षा भरभर वाचायची.

“बाई, दुसरा कागद द्या.”

या पत्राला दोन दिवस लागले. मनात येणाऱ्या प्रत्येक शब्दात कुठेतरी जोडाक्षर निघायचं. ‘तुझी मैत्रीण’ लिहून तिने खोडलं. शेवटी एवढंच उरलं: ‘पूजा, मी रोज शाळेत येते. तुझी जागा रिकामी आहे. लवकर ये. तुझी निकिता.’

बाईंनी ते पाठवलं. पण पोचल्याची खूण काही उमटली नाही. फोन लावला तर बंद. टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली, एवढंच गावात कळलं. थंडी सरली. निकिता रोज मधल्या सुट्टीत बाईंकडे बघायची. बाई नकारार्थी मान हलवायच्या.

पूजा एप्रिलच्या शेवटी परत आली. परीक्षा झाली होती. ती शाळेच्या पायरीशी आली, पण आत येईना. उन्हाने रापली होती, उंच झाली होती.

“आत चल की,” निकिता म्हणाली.

“नगं. बाई वाचायला लावतील.”

निकिता पुस्तक घेऊन बाहेर आली आणि पायरीवर बसली. पहिल्या ओळीवर तिने बोट ठेवलं. पूजा बराच वेळ उभीच होती. मग शेजारी टेकली, थोडं अंतर ठेवून.

“तू वाच,” ती म्हणाली. “मी ऐकते.”