हिरवे चेहरे

कैरवान शहरातल्या शेख लझहरच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. संधिवाताने वाकलेल्या बायका, त्यांना धरून आणणाऱ्या लेकीसुना, आणि प्रत्येकीने उंच धरलेला मोबाइल. प्रत्येक मोबाइलवर एकच हिरवा, हसरा चेहरा.

"बघा!" शेख गरजला. "मी नाही म्हणत, इस्पितळाचं यंत्र म्हणतंय! माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलेल का? माझा मंतरलेला मध चमचाभर घ्या, सांधे लोण्यासारखे!"

मधाला चव साखरेच्या पाकाची होती, पण फुकटच्या चमत्काराला कोण नाक मुरडणार?

यंत्र मात्र खरोखर इस्पितळाचं होतं. डॉक्टर रौदानेच ते बायकांच्या मोबाइलात घालून दिलं होतं. रडक्या लाल चेहऱ्यापासून हसऱ्या हिरव्यापर्यंत पाच चेहरे. आपलं दुखणं जसं असेल त्यावर रोज बोट टेकवायचं. बाईची खेप वाचते, डॉक्टरला इस्पितळात बसून औषध कमीजास्त करता येतं.

"मोंजिया, कशी आहेस?" शेखने सगळ्यांदेखत विचारलं.

"हम्दुलिल्लाह, देवाची कृपा, मजेत!" म्हणत मोंजियाने हिरव्यावर बोट टेकवलं. हयातभर गालिचे विणलेलं ते बोट आता सरळ होत नव्हतं. मागावर गाठ बसेनाशी झाली होती, सकाळी डोक्याचा रुमालही लेकीने, सल्माने, बांधून दिला होता. पण ते निराळं. कुणी विचारलं की बरं आहे म्हणायचं. नवरा गेला त्या दिवशीही ती हेच म्हणाली होती.

सल्माला मात्र राहवलं नाही. ती जाऊन डॉक्टर रौदालाच घेऊन आली. रौदाने अंगणातल्या झाडाचं लिंबू तोडून कापलं.

"बऱ्या झालेल्या मावश्यांनो, एवढं पिळून दाखवा."

अर्धं लिंबू हातोहात फिरलं. थेंब पडेना.

"लिंबूच सुकं आहे मेलं!" एक म्हातारी करवादली.

रौदाने दोन बोटांनी दाबलं. रस मनगटापर्यंत ओघळला.

"मग हिरवा का दाबता?"

"अगं पोरी, लाल दाबू?" मोंजिया म्हणाली. "देवाची तक्रार करायची, तीही मोबाइलात?"

"अहो, पण घरी एकट्या असताना?"

"घरी काय देव नसतो?"

अंगण हसलं. रौदा हसली नाही.

"यंत्राने विचारलं, तुम्ही शेजारणीला द्यावं तसं उत्तर दिलंत. चमत्कार मधात नाही, मावशी, तुमच्या रीतीत आहे. या गृहस्थाला ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तो चारचौघांत विचारतो. आणि मी शहाणी! हात न बघता हिरवे चेहरे बघितले नि तुमचं इंजेक्शन बंद केलं."

मोंजियाचा चेहरा उतरला. "मग कर की चालू. बोटं सरळ होतील ना?"

रौदाने तिचे हात हातात घेतले. "वाकली ती वाकली. उरलेली वाचतील, कदाचित."

"आणि माग?"

"माग आता नाही, मावशी."

"यांचा विश्वास कमी पडला!" शेखने लगेच संधी साधली.

आणि मधासाठी पुन्हा रांग लागली. "डॉक्टरीण नाही म्हणते," करवादलेली म्हातारी पुटपुटली, "हा निदान हो तरी म्हणतो."

दाराशी मोंजिया थबकली. रांगेत एक कोवळी सून उभी होती, बोटांचे सांधे सुजून लाल झालेले.

"दुखतं का गं?"

"नाही, मावशी. हम्दुलिल्लाह, मजेत."

"देवाला ठाऊक आहे गं, दुखतंय ते. डॉक्टरलाच सांगावं लागतं."

सुनेने मान डोलावली आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.

बायांनो, देवाचे आभार मानायला कुणाची ना नाही. पण दुखतं का, असं माणसाने विचारो की यंत्राने, दुखत असेल तर दुखतं म्हणा. औषध खऱ्या उत्तरालाच लागू पडतं, आणि वाकलेलं बोट कुणाची वाट बघत नाही.